अंगणात आलेली शाळा

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या वस्तीत विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही काही मित्र मुलांचा अभ्यास घेतो. दर रविवारी, आणि कचेरी सुटल्यावर आठवड्यातून दोन संध्याकाळी. मी पेशाने कारकून, शिक्षण बी. कॉम., म्हणून गणित माझ्याकडे. पाचवीतला एक मुलगा या वर्गाला येत असे. वडील हातगाडीवर भंगार गोळा करतात, आई चार घरची धुणी-भांडी करते. मुलाला भागाकार येत नव्हता. वाचताना जोडाक्षर आले की तो अडे. शाळेच्या वहीत लाल शाईशिवाय काही दिसत नसे. आणि मीही काही वेगळा नव्हतो. हातात लाकडी फूटपट्टी घेऊन बसत असे. दोन-तीनदा ती त्याच्या बोटांवर बसली. मग एका रविवारी तो आला नाही. पुढच्याही रविवारी आला नाही.

मी त्याच्या घरी गेलो. दारातच काट्यावर रद्दी मोजणे चालू होते. शेजारची एक बाई रद्दी घेऊन आली होती. साडेतीन किलो भरली. भाव साडेबारा रुपये किलो. मी मनातल्या मनात आकडे जुळवतो आहे तोच हा पोरगा म्हणाला, "पावणेचव्वेचाळीस." वडिलांनी मान हलवली आणि पैसे मोजून दिले. मी नंतर कागदावर करून पाहिले. बरोबर होते.

वडील म्हणाले, "भाऊ, तुम्ही घरापर्यंत आलात, बरं वाटलं. पण ह्याच्या डोक्यात शाळा शिरत नाही. आता गाडीवरच घेतो संगतीला. निदान हिशेब तरी पक्का आहे त्याचा."

वाचकहो, घरी परतताना हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना. ज्याचा हिशेब पक्का, त्याच मुलाला शाळेने आणि मी गणितात शून्य ठरवले होते. मग नापास कोण झाले? मुलगा की आम्ही?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी जे वाचले आणि ज्यावर विचार केला, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

गरिबांच्या मुलांसाठी निघालेली पद्धत

शहरात आज गल्लोगल्ली 'मॉन्टेसरी' असे बोर्ड दिसतात. भरमसाट फी, टाय, बूट. त्यामुळे आपल्याला वाटते, खेळातून आणि चित्रांतून शिकणे हे श्रीमंतांच्या लेकरांचे चोचले. पण या पद्धतीचा जन्म कुठे झाला ते ऐका. मारिया मॉन्टेसरी या इटलीतल्या डॉक्टर बाईंनी १९०७ साली रोम शहराच्या सान लोरेन्झो भागात पहिले बालगृह उघडले. ती गरीब कामगारांची वस्ती होती. आईबाप कामावर गेले की पोरे जिन्यात उंडारत, भिंती खराब करीत, म्हणून त्यांना कुठेतरी बसवावे या हेतूने ते सुरू झाले. तिथे बाईंच्या लक्षात आले की हाताला योग्य वस्तू मिळाली आणि कुणी मध्ये लुडबूड केली नाही तर मूल तासन्तास एकाग्र होते आणि आपले आपण शिकते. म्हणजे ही पद्धत मुळात आपल्यासारख्यांच्याच मुलांसाठी निघाली. पुढे ती आपल्या हातून गेली.

आपल्याकडे ती आणणाऱ्यांत गुजरातमधील भावनगरचे गिजुभाई बधेका हे मोठे नाव. ते वकील होते. वकिली सोडून ते शिक्षणात आले आणि १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुलांना ते इतका जीव लावीत की गुजरातेत लोक त्यांना 'मिशावाली आई' या अर्थाच्या नावाने ओळखत. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकात एक शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो आणि पहिले कितीतरी दिवस पुस्तक न उघडता फक्त गोष्टी सांगतो. मुख्याध्यापक वैतागतात, इतर शिक्षक हसतात. पण गोष्टीच्या ओढीने वर्ग शांत बसू लागतो, मुले आपणहून वाचू लागतात, नाटक करतात, नखे-केस नीट ठेवू लागतात. मारावे लागत नाही. पुस्तक जुने आहे, पण त्यातले हसणारे शिक्षक आजही प्रत्येक शाळेत भेटतात.

बोर्डी आणि कोसबाड

गिजुभाईंच्या सोबत काम केलेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी हे काम महाराष्ट्रात आणले. आधी त्यांनी मुंबईत दादरला बालशिक्षणाचे काम केले. तिथे त्यांना एक गोष्ट खटकू लागली. आपण शिकवतो ती मुले खात्यापित्या घरची, आणि देशातली बहुसंख्य मुले तर खेड्यापाड्यांत आहेत. म्हणून वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ साली, त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी गावी गेल्या. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता, आता पालघर. त्यांच्यासोबत गेल्या अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. लहानपणीच लग्न झाले आणि थोड्याच काळात वैधव्य आले. घरच्या कोपऱ्यात आयुष्य जाण्याऐवजी त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली. पण दलित वाड्यातली आणि वारली पाड्यातली मुले काही येईनात. का येईनात? कपडे नाहीत. सवर्णांच्या मुलांत बसायची भीती. धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते. गुरे वळायची असतात. आजही आपल्या मुलींच्या गैरहजेरीची कारणे पाहिली तर यादी फार बदललेली दिसणार नाही.

आता दुसरे कुणी असते तर म्हणाले असते, 'आम्ही शाळा काढली, यांनाच शिकायचे नाही.' आपल्याबद्दल हे वाक्य आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो. ताराबाई-अनुताईंनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. वाड्यात जायचे, झाडाखाली किंवा कुणाच्या अंगणात मुले जमवायची. आधी आंघोळ, नखे, केस. मग गाणे, गोष्ट, खेळ. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हाच शब्द देशभर गेला. आज आपल्या वस्तीतील अंगणवाडी ताईला खिचडीची आणि वजनाची ताई एवढेच आपण समजतो. पण त्या शब्दाच्या मुळाशी दलित-आदिवासी मुलांच्या दारात चालत गेलेली शाळा आहे, हे आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे.

मॉन्टेसरीची लाकडी साधने महाग होती. त्यांना पर्याय म्हणून चिंचोके, गुंजा, शिंपले, दगड, पाने, बांबू, माती ही साधने झाली. मोजायला चिंचोके, रंग ओळखायला फुले-पाने, हाताला वळण लागायला माती. पैसा लागला नाही, नजर लागली.

पुढे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात ठेवली. यामागचा हिशेब साधा होता. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटे भावंड आहे म्हणून तिची शाळा बुडते ना? मग भावंडालाही घेऊन ये. ते पाळणाघरात राहील, तू वर्गात बस. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली, तिला कुरणशाळा म्हणत. दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. मुलाचे आयुष्य आधी पाहायचे आणि त्याप्रमाणे शाळा बेतायची. बालकेंद्री शिक्षण म्हणतात ते याला. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना पुढे पद्मश्री मिळाली. अनुताई १९९२ साली गेल्या, शेवटपर्यंत कोसबाडशी बांधलेल्या.

ज्या पाड्यांतली ही मुले, तिथे लग्नाच्या वेळी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. आज वारली चित्रे जगभर विकली जातात, आणि त्याच डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. विचार करा, ज्यांच्या घरची भिंत अशी बोलत होती, त्या मुलांना 'यांना काही येत नाही' असे म्हणणारी शाळा किती आंधळी!

फलटणचे उदाहरण

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या फलटणचे. मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ बाई फलटणला स्थायिक झाल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. दलित वस्तीतली मुले शाळेत जाऊनही वाचायला शिकत नाहीत, हे पाहून त्या कामाला लागल्या. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. त्यांच्या वाचन पद्धतीत अख्खी बाराखडी घोकून होईपर्यंत मुलाला ताटकळत ठेवत नाहीत. थोडी अक्षरे आणि एक-दोन मात्रा घ्यायच्या आणि लगेच त्यांतून मुलाच्या ओळखीचे शब्द तयार करायचे. पहिल्या काही दिवसांतच मुलाला अर्थ असलेला शब्द वाचता येतो, आणि 'मला येते' हे त्याला कळते. घरच्या बोलीला हसायचे नाही. मुलाने सांगितलेले लिहून घ्यायचे आणि तेच त्याला वाचायला द्यायचे.

आपल्या मनातल्या शंका

आता आपल्यातले बरेच जण विचारतील, आणि रास्त विचारतील: "भाऊ, आमच्या पोरांना चित्रे काढून नोकरी मिळणार आहे का? बाबासाहेब काय मातीची खेळणी करून बॅरिस्टर झाले?"

ही शंका मी हसण्यावारी नेत नाही. कला आणि हस्तोद्योग या नावाखाली आपल्याला फसवले जाऊ शकते. मद्रास राज्यात १९५३ साली राजगोपालाचारींच्या सरकारने एक योजना आणली. मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेला वेळ आईबापाचा धंदा शिकावा. म्हणजे चांभाराच्या पोराने चामडे आणि परटाच्या पोराने धुणे! 'हे जातीचे शिक्षण आहे' असे म्हणून पेरियार आणि इतरांनी त्याविरुद्ध रान उठवले आणि पुढच्याच वर्षी, १९५४ साली, कामराज यांच्या सरकारने ती योजना रद्द केली. म्हणून 'कृतीतून शिक्षण' म्हणत आपल्याच मुलांच्या हाती झाडू आणि संडास धुण्याची बादली कुणी देत असेल तर ते आपण चालू देता कामा नये. साफसफाई ही सगळ्यांनी पाळीपाळीने करायची गोष्ट आहे, शिक्षकांसह.

पण म्हणून चित्र, नाटक, गाणे आपण टाकून द्यायचे का? मुळीच नाही. ते आपलेच आहे. जलसाकारांनी रात्र रात्र जागून चळवळ खेड्यात नेली. ती पुस्तके वाटून नेली का? ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांना गाण्याने शहाणे केले. अण्णा भाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले असे म्हणतात. वाटेगावहून पायी मुंबईला आलेल्या या माणसाने दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षर पक्के केले. वामनदादा कर्डक गिरणी-चाळीत राहिले. कुणीतरी पत्र वाचायला दिले आणि ते वाचता आले नाही म्हणून रडले. मग अक्षरे शिकून घेतली, मुंबईच्या पाट्या वाचत हिंडले आणि पुढे हजारो गीते लिहिली. स्वयंशिक्षण कशाला म्हणतात हे आपण दुसऱ्या कुणाकडून शिकावे अशी वेळ नाही. आणि बाबासाहेबांचे विचाराल, तर एवढा ग्रंथांचा व्याप, घटनेचे काम, आजारपण यांतून त्यांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले, चित्रकलेतही हात घातला. शिकण्याचा आनंद त्यांना वर्ज्य नव्हता.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधली त्यांची आठवण आपल्याला पाठ आहे. शिक्षकांनी गणित सोडवायला फळ्याकडे बोलावले आणि फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून मुलांनी धावत जाऊन ते उचलले. आज डबे कुणी उचलत नाही. पण शेवटच्या बाकावरच्या आपल्या मुलाला फळ्याजवळ बोलावतात का? त्याचे म्हणणे विचारतात का? बालकेंद्री शाळेची खरी परीक्षा इथे आहे.

तेव्हा सरळ सांगतो. चित्र-खेळ अक्षराऐवजी नको, अक्षरापर्यंत जाण्यासाठी हवा. कोसबाडची मुले चिंचोक्यांवर थांबली नाहीत, चिंचोक्यांवरून आकड्यांकडे गेली. खेळाच्या नावाखाली मुलाला तिसरी-चौथीपर्यंत वाचता येऊ नये, हाही अन्यायच आहे.

कायदा काय सांगतो

२००९ सालचा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी तो आहे. त्याचे कलम १७ म्हणते, मुलाला मारायचे नाही आणि मानसिक छळही करायचा नाही. 'ढ', 'गाढव', 'तुमच्या लोकांना शिकून काय करायचे' हे सगळे त्यात येते. कलम २९ म्हणते, शिकणे कृतीतून आणि शोधातून व्हावे, मूल भीतीपासून मुक्त असावे आणि होता होईल तो मातृभाषेतून शिकवावे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक हवेत, त्यांत दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी आणि समितीत निम्म्या महिला हव्यात. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत ही समिती शाळेचा विकास आराखडा करते, आलेला पैसा कसा खर्च होतो ते पाहते. किती माता-भगिनी या समितीच्या सभेला जातात? सही मागितली की अंगठा किंवा सही देऊन मोकळ्या होतात. यापुढे सभेत बसा. विचारा: चित्रकलेचा तास होतो का? वाचनालयाची पुस्तके कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातात?

घरी काय करता येईल

यासाठी पैसा लागत नाही. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू आणि कोळसा-गेरू एवढ्यावर चित्र निघते. रस्त्याने जाताना पाट्या वाचायला लावा. किराणा मालाची यादी मुलाला लिहू द्या, पैशांचा हिशेबही त्यालाच करू द्या, चुकला तरी ओरडू नका. मुलाने सांगितलेली गोष्ट मोठ्या भावंडाने वहीत उतरवावी, मग मुलाने ती वाचावी. मोबाइल देऊन गप्प बसवणे म्हणजे स्वयंशिक्षण नव्हे. त्यावर काय पाहिले ते मुलाला सांगायला लावा. धाकट्यांना सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीला घरी ठेवण्याऐवजी चार-पाच आयांनी आळीपाळीने भावंडे सांभाळावीत. कोसबाडला जे जमले ते एका चाळीत का जमू नये? आणि १४ एप्रिलच्या जयंतीत डीजेवर जातो त्या पैशातला थोडा भाग पुस्तकांच्या कपाटासाठी काढावा. नाटिका आणि पोवाडा मुलांनीच बसवावा, मोठ्यांनी समोर बसून ऐकावा.

आता त्या मुलाचे सांगतो. मी पुन्हा त्याच्या घरी गेलो. म्हणालो, "मला काट्यावरचा हिशेब शिकव. रविवारी सगळ्यांना शिकव." तो काटा घेऊन आला. मुलांनी पुस्तके, चप्पल, विटेचा तुकडा, सगळे मोजले. मग मी त्याला म्हटले, तुमच्याकडे काय काय विकले जाते त्याची भावासकट यादी लिही. तो तोंडाने सांगू लागला: रद्दी, पत्रा, पुठ्ठा, प्लास्टिक. मी फळ्यावर लिहीत गेलो आणि थबकलो. एकूण एक शब्द जोडाक्षराचा! ज्या जोडाक्षरांशी तो वर्षानुवर्षे अडत होता, ती सगळी रोज त्याच्या तोंडात होती. आम्ही कधी विचारलेच नव्हते. त्या यादीवरून तो वाचायला लागला. एकेका भावावरून भागाकार लागला.

भंगाराच्या शब्दांतून तो शिकला, पण भंगारातच राहावा म्हणून नव्हे. हे मी त्याच्या वडिलांना सांगितले. ते म्हणाले, "सहावी होऊ द्या भाऊ, मग बघू." म्हणजे काळजी अजून संपलेली नाही. पोरगा आता सहावीत आहे. इंग्रजी कच्चे आहे, परवाच चाचणीत काठावर पास झाला. पण रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन सतरंजी तो घालतो. फूटपट्टी अजून माझ्या पिशवीत असते. तिने आता वहीत रेघा मारतो, तेवढेच.